कपडा पांढरा निघाला पाहिजे

मी ब्रेकचा माणूस. इंजिन, गिअर, पत्रा, रंग ही कामं मी पोटासाठी केली, पण कोणी विचारलं की मिस्त्री, तुमचं काम काय, तर मी ब्रेक असंच सांगत आलो. गाडी पळवणारे गावोगाव भेटतात. ती थांबेल कशी, याची काळजी करणारा एखादाच असतो. तो मी होतो. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण आता सांगायला दुसरं कोणी राहिलं नाही.

या अंकाचे संपादक मला म्हणाले, बाबा, जसं बोलता तसंच लिहा. मी म्हटलं, शाळा चौथीत सुटली असली तरी बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, एवढं मला समजतं. म्हणून माणसं जिथे बोलली तिथे त्यांची भाषा तशीच ठेवली आहे. बाकीचं मी मला जमेल तसं शुद्ध लिहिलं. चुकलं असेल ते दुरुस्त करावं, पण मला विचारून.

माझं गॅरेज बुलढाण्याला, खामगावच्या रस्त्यावर, निंबाखाली टिनाचं छप्पर टाकून होतं. बुलढाण्याहून खामगावला जायचं म्हणजे घाट उतरावाच लागतो. त्यामुळे गिऱ्हाईक घाट उतरायच्या आधी नाहीतर घाटात घाबरून आल्यावर माझ्याकडे येत असे. मेहकरकडचा एक ट्रकवाला होता. ब्रेक लावला की चीं चीं आवाज येतो, म्हणून त्याने ब्रेक लावणंच सोडून दिलं होतं. मला म्हणाला, "मिस्त्री, आवाज तेवढा बंद करून द्या." मी म्हटलं, "तो आवाज तुह्या नावानं रडून राह्यला लेका." एक मास्तर होते, त्यांच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर कायम एक दगड असे. गाडी थांबवायची झाली की मास्तरीणबाई उतरून तो दगड चाकाखाली लावायच्या. मी ब्रेक नीट करून दिला, तर बाई मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "आता मले कायले नेतीन हे गाडीत?"

माझी एक रीत होती. मुंबईला लढाईच्या वर्षांत मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो त्यांची ती रीत. ब्रेकचं काम झालं की चाकाची जी जागा ब्रेक धरतो ती पांढऱ्या मलमलीच्या कपड्याने पुसायची आणि तो कपडा गिऱ्हाईकाला दाखवायचा. कपडा पांढरा निघाला तर काम पुरं झालं. डाग निघाला तर गाडी द्यायची नाही, मग गिऱ्हाईक कलेक्टर का असेना. तेलाचा एक थेंब ब्रेकचा वैरी असतो. इंजिनाला तेल म्हणजे अन्न, आणि ब्रेकला तेच तेल म्हणजे विष. हे मलमल मी ताग्यातून आणत असे आणि त्याला घरात कोणी हात लावायचा नाही. घरची म्हणायची, "लेकराले झबलं शिवाले कपडा नाही, अन् तुमच्या मोटारीले मलमल."

दुसरे मिस्त्री गाडी देताना नारळ फोडत, लिंबू-मिरची बांधत. आमची माणसं बुद्धाच्या वाटेने गेली तेव्हापासून मी ते सोडलं. गिऱ्हाईकाला सरळ सांगायचो, तुम्हाला फोडायचा तर घरी जाऊन फोडा, माझ्याकडे हा कपडा आहे. लोक कुरकुरायचे. तरी येत होते. घाट सगळ्यांनाच उतरायचा होता.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो. या गोष्टीतलं घर आता बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला नाही, माणसंही नाहीत. खरी नावं मी लिहिणार नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. देऊळघाटच्या एका मोठ्या शेतीवाल्या घराण्यात एका मुलीच्या पाठीवर झालेला एकच मुलगा होता. त्याला आपण बापू म्हणू. वडील लहानपणी वारले. आईनेच घर आणि जमीन सांभाळली. तिला सगळं गाव आईसाहेब म्हणे. ओट्यावर बसून ती गडीमाणसांचे भांडणतंटे तोडायची, पण आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. बापू मुंबईला शिकायला गेला आणि येताना पदवीबरोबर एक मोटार घेऊन आला. देश सोडून चाललेल्या कोण्या साहेबाकडून घेतली होती. दोनच माणसांची, हिरवी, छप्पर कापडाचं, चाकं सायकलसारखी तारांची. जमिनीला इतकी टेकलेली की देऊळघाटच्या नाल्यातून चार गडी तिला उचलून पार करत. गाव तिला बापूचा बेंडूक म्हणायचं. बापूला राग येत नसे. तो हसायचा आणि लोकांना एकेक करून फिरवून आणायचा. फेटा उडाला नाही असा म्हातारा गावात राहिला नव्हता.

एक दिवस तो बेंडूक माझ्या दारात येऊन थांबला. थांबला म्हणजे निंबाला जवळजवळ लागला.

"मिस्त्री, समोरून खरखर आवाज येते."

"कवापासून?"

"बरेच रोज झाले."

"अन् आता आले? आवाज सुरू झाला त्याच रोजी याले पायजे होतं, बापू."

मी चाक काढलं. असला ब्रेक मी मुंबईत एकदोनदा पाहिला होता, आमच्या भागात कोणी पाहिला नव्हता. तेव्हाच्या साध्या गाड्यांना चाकाच्या आत लोखंडी डबा असे आणि त्या डब्यात दोन पट्टे बाहेरच्या बाजूला फाकून डब्याला घासत. याला पुढच्या दोन्ही चाकांना डबाच नव्हता. चाकाबरोबर फिरणारी एक उघडी पोलादी चकती, ताटाएवढी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन ठोकळे. त्यांना पॅड म्हणतात. फिरतं ताट तुम्ही दोन बोटांत धरून थांबवाल, तसं ते काम. फार चांगला ब्रेक. पण उघडा. त्याच्यावर जे पडेल ते सरळ लागतं.

बापूने पॅड झिजून पार लोखंड लागेपर्यंत गाडी चालवली होती. लोखंडाने लोखंड खाल्लं. चकतीवर नांगराच्या तासांसारख्या रेघा पडल्या होत्या. मी म्हटलं, नवे पॅड मुंबईहून मागवावे लागतील आणि चकत्या लेथवर साफ कराव्या लागतील, तोपर्यंत गाडी इथेच राहील. पार्सल यायला बराच वेळ लागला. बापू दर दोन-चार दिवसांनी चकरा मारायचा. एकदा म्हणाला, "टरकचं लायनिंग कापून लावा ना मिस्त्री. कोण पाह्यते?"

मी म्हटलं, "तुमचा बूट फाटला तर त्याले बैलाचा नाल ठोकान का?"

"तुमी लय हटेल आहा."

"हटेल आहो म्हणूनच तुमी इथं आले."

पार्सल आलं तेव्हा मी चकत्या धोतरात गुंडाळून बसने खामगावला गेलो. तिथे एका जिनिंगच्या कारखान्यात मोठा लेथ होता, रुईच्या मशिनीचे रूळ त्यावर कातत. कातारी माझ्या ओळखीचा. चकती पाहून म्हणाला, "हे ताट कोणाच्या लग्नाचं आणलं?" मी त्याच्या शेजारी उभा राहून दोन्ही तोंडांवरून सारखा, कागदासारखा पातळ कात काढवून घेतला. एका बाजूने जास्त घेतला तर चकती डुलते, आणि डुलणारी चकती ब्रेकच्या पायाला खालून लाथा मारते. परत आल्यावर त्या बसवल्या, चाक हाताने फिरवून तार लावून पाहिली, कुठे डुलत तर नाही. मग पॉलिश कागदाने आडवेतिडवे घासलं, कारण आरशासारख्या गुळगुळीत तोंडाला पॅड धरत नाही. मग स्पिरिटने धुतलं. घासलेट नाही लावायचं, ते तेलच असतं. पॅडच्या कडा घासून मोडल्या, मागे बारीक पितळी पत्रा दिला. ही सगळी कामं मी हात साबणाने धुऊन केली. बायको स्वयंपाकाला धुते तसे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. बापू गाडी न्यायला आला तो आईसाहेबांच्या दमणीतूनच, म्हणजे त्यांच्या बसायच्या छोट्या बैलगाडीतूनच. त्यांना बाजारात काम होतं. त्या उतरून सावलीत उभ्या राहिल्या. मी पांढरा कपडा घेऊन तारांच्या चाकातून हात घातला, चकती पुसली, कपडा बापूला दाखवला. पांढरा. दुसऱ्या बाजूला तसंच केलं. आईसाहेब वाकून पाहत होत्या.

"चांदीच्या ताटावानी दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "याच्यानंच थांबते का गाडी?"

मला माझ्या कामाचा ताठा होता. मी म्हटलं, "हो आईसाहेब. या गाडीचा सारा जीव इथंच आहे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमी नारळ नाही फोडत म्हणे."

"नाही."

"बरं. तुमचं तुमच्यापाशी. माह्यं मी घरी करीन."

त्यात राग नव्हता. त्या दमणीत जाऊन बसल्या आणि दमणी निघून गेली. मग मी बापूला समजावलं. नवे पॅड नव्या जोड्यासारखे असतात, आधी हळूहळू पायाला बसू द्यायचे. चकतीला हात लावायचा नाही, गाडी धुणाऱ्यालाही लावू द्यायचा नाही, तेल-ग्रीस जवळ आणायचं नाही. बापू हो हो म्हणाला. आम्ही दोघांनी गाडी देऊळघाटच्या सपाट रस्त्यावर नेली. वेग धरायचा, हळूच दाबायचा, सोडायचा, हवा लागू द्यायची, पुन्हा दाबायचा. पॅड आणि चकती एकमेकांना बसेपर्यंत असं करत राहायचं. शेवटी शेवटी बापूने जोरात दाबला. गाडी सरळ रेषेत जागच्या जागी बसली. दोन्ही हात सोडून तो मला म्हणाला, "मिस्त्री, हे तर पायानं इचारलं की उत्तर देते."

माझ्या कामाची अशी तारीफ मला कोणी केली नाही. अजूनही ते बोलणं मी कधीकधी मनात म्हणून पाहतो.

"उद्या ताईकडे खामगावले जातो सोनं द्याले," तो म्हणाला. "तिले पण फिरवतो याच्यात."

दसऱ्याचा दिवस आमच्या लोकांचाही मोठा दिवस. आमच्या वस्तीत पांढरे कपडे घालून सगळे वंदनेला जमले होते. वंदना झाली आणि दुपार कलली तेव्हा पोलीस जमादार सायकलवर आले. भला माणूस होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, देऊळघाटच्या बापूची गाडी घाटात गेली. तुमी चला. गाडी पाहून सांगा."

"बापू?"

ते सायकलचं हँडल हातातल्या हातात फिरवत राहिले.

घाटात पोचलो तेव्हा बापूला नेलं होतं. उजव्या हाताच्या दरीत, सागाच्या झाडांना अडून गाडी उताणी पडली होती. चाकं वर. सगळीकडे आपट्याची पानं सांडली होती, बहिणीकडे न्यायचं सोनं. मी अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांनिशीच खाली उतरलो.

आधी नळ्या पाहिल्या. कुठे फुटली नव्हती. नळ्यांतलं ब्रेकचं पाणी होतं तितकं होतं. मग उजवं चाक पाहिलं. चकती साफ, तापून निळसर झालेली. म्हणजे तिने काम केलं होतं, जीव तोडून केलं होतं. मग डावं चाक फिरवलं. त्या चकतीवर तपकिरी लाखेसारखा थर चढला होता. नाक जवळ नेलं. तिळाचं तेल जळल्याचा वास, दिवाळीत तळण झाल्यावर घरात राहतो तसा. खिशात वंदनेसाठी घेतलेला पांढरा रुमाल होता. त्याने चकती पुसली. रुमालावर तपकिरी डाग आला, आणि डागाच्या कडेला लाल. बोटावर घेऊन पाहिलं. कुंकू होतं.

मला तिथेच सगळं समजलं. मी शेतकऱ्यांच्या गावात वाढलेला माणूस आहे. आमच्याकडे बैलगाडी गावाची शीव ओलांडून जाणार असली तर चाकाला तेल दिल्याशिवाय तिला हलवत नाहीत. आणि दसऱ्याला तर शीव ओलांडायचीच असते. आईसाहेबांनी जन्मभर दर दसऱ्याला गाडीच्या चाकाला हळदकुंकू लावून वाटीने तेल घातलं होतं. लाकडी चाकाला ते पाहिजेच. या गाडीचा जीव कुठे असतो, तो तर मीच त्यांना आदल्या दिवशी बोट करून दाखवला होता.

एकच बाजू का, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात दिसलं. गाडी उभी करायची जागा भिंतीला लागून होती. उजवी बाजू भिंतीकडे, तिथे माणूस शिरत नव्हता. फरशीवर डाव्या चाकाच्या जागी तेलाचा ओघळ वाळला होता, रांगोळी तशीच होती. दोन्ही चाकांना तेल पडलं असतं तर बापूला वेशीतच समजलं असतं, गाडी थांबलीच नसती. एकाच बाजूला पडलं म्हणून सपाट रस्त्यावर ते लपलं. घाटात वळणावर त्याने पूर्ण ताकदीने दाबला, डावी चकती निसटली, उजवीने घट्ट धरलं आणि गाडी उजवीकडे फिरली. उजवीकडे दरी.

घर माणसांनी भरलं होतं. मी दारातच उभा राहिलो, पण आईसाहेबांनीच मला आत बोलावलं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. शेजारी बापूचे काका होते, आणि घाटात माझ्याबरोबर असलेले जमादारही एका बाजूला उभे होते.

"मिस्त्री," आईसाहेब म्हणाल्या, "तुमी गाडी पाह्यली म्हणे."

"हो."

"म्या काही कमी केलं नाही. नारळ फोडला, लिंबू ठेवले. बापू उठाच्या आधीच चाकाले माह्या हातानं वाटीभर तेल घातलं. इतकं करून काऊन झालं असं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या. रडणाऱ्या बाईला काहीतरी सांगून वेळ मारून नेता येते. त्या उत्तर मागत होत्या.

"तुमचं काम कच्चं राह्यलं होतं का? खरं सांगा. मले राग नाही. फक्त समजू द्या."

रुमाल माझ्या खिशात होता. तो काढून समोर धरला असता तर माझं नाव साफ होतं. जन्मभर मी हेच करत आलो होतो, कपडा काढून दाखवणं. माझ्याजवळ दुसरी कमाई नव्हती. शेती नाही, शिक्षण नाही, आणि ज्या घरांत आमच्या बापाला अंगणाच्या पुढे येऊ देत नव्हते, त्या घरांतले लोक या नावापायी आपला जीव माझ्या हाती देत होते. मी त्या बाईच्या हातांकडे पाहिलं. मांडीवर उताणे ठेवले होते, जसे काही त्यांत कोणी काही देणार आहे. बोटांच्या पेरांना अजून हळद होती. लेकरू गेलं, हे ती कशीतरी सोसेल. ते आपल्या हातच्या वाटीने गेलं, हे ती सोसणार नाही.

मी म्हटलं, "हो आईसाहेब. काम कच्चं राह्यलं."

काकांनी पायातला जोडा हातात घेतला. आईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या." मग मला म्हणाल्या, "जा तुमी."

जमादार माझ्यामागे रस्त्यापर्यंत आले. "मिस्त्री, तुमी चाकाचा वास घेऊन पाहत होते ते मी पाह्यलं आहे," ते म्हणाले. "तुमी आत काय बोलले ते मी ऐकलं नाही. वळणावर ताबा सुटला, एवढंच लिहितो." मी त्यांचे आभारही मानले नाहीत. तोंड उघडलं असतं तर दुसरंच बाहेर आलं असतं.

घरी आल्यावर फक्त बायकोला सांगितलं आणि रुमाल तिच्यापुढे टाकला. तिने तो उलगडून पाहिला. डाग धुवायला ती कंटाळणारी बाई नव्हती, पण तिने तो धुतला नाही. चुलीत घातला. म्हणजे तिलाही माझ्यासारखंच समजलं होतं. पुढे कधी गरिबीने जीव आंबला की ती मला बाकी सगळं बोलली, पण त्या रुमालावरून कधी बोलली नाही.

गावात बातमी जायला वेळ लागत नाही. मिस्त्रीने स्वतः कबूल केलं म्हटल्यावर बोलायला काय राहिलं? नारळ फोडत नाही, त्याचं हे फळ, असं लोक म्हणाले. ते मी ऐकून घेतलं. आमच्या वस्तीतले एक वडीलधारे म्हणाले ते मात्र आत गेलं. "आपल्यातल्या एकाच्या हाताले मोठे लोक गाडी देत होते रे सुदाम. लेकराईले आम्ही तुह्यं नाव सांगत होतो. तेही तू घालवलं." त्यांना काय सांगणार होतो? एका ठिकाणी सांगितलं असतं तर ते देऊळघाटला पोचलं असतंच.

ब्रेकची कामं बंद झाली. निंबाखाली गाड्या थांबेनात. मग मी शेतातल्या पाण्याच्या इंजिनांची कामं करायला लागलो. विहिरीच्या काठावर बसून धुराड्यातली काजळी काढायची. इंजिन बंद पडलं तर पाणी बंद पडतं, त्यात कोणाचा जीव जात नाही, म्हणून लोक देत होते. मलमल आणणं सोडलं. घरचीने उरलेल्या ताग्यातून नातवाची झबली शिवली.

बरीच वर्षं अशी गेली. एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी देऊळघाटचा गडी सायकलवर आला. म्हणाला, "आईसाहेबानं बोलावलं. जीपचा ब्रेक पाहाचा आहे. तुमीच पाहा, दुसऱ्याले हात लावू देऊ नका म्हणे."

मला आधी वाटलं, म्हाताऱ्या बाईला विसर पडला असेल. घरची म्हणाली, "ते बाई काही इसरणारी नाही. जा." आणि पेटीच्या तळातून मलमलीचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. नातवाच्या झबल्यातून तिने तो वाचवून ठेवला होता, मला माहीतही नव्हतं.

जीप आईसाहेबांच्या पुतण्याच्या नावाची होती, तो परगावी असायचा. आईसाहेब आता वाकल्या होत्या, पण ओट्यावर तशाच बसल्या होत्या. मी चारी चाकं काढली. साधा डब्याचा ब्रेक. पट्टे बदलले, डबे साफ केले. माझे हात विसरले नव्हते. काम होईपर्यंत उन्हं उतरली. तेवढ्या वेळात त्या ओट्यावरून हलल्या नाहीत.

चाकं बसवायच्या आधी त्या उठल्या. गडी पूजेचं ताट घेऊन मागे आला. "उद्याच्या पूजेचं आताच करून टाकतो," त्या म्हणाल्या. "मिस्त्री इथं असतानी." ताटात हळद, कुंकू, झेंडूची फुलं, आणि तेलाची वाटी. त्यांनी गाडीच्या तोंडाला कुंकवाचं बोट लावलं. एक फूल ठेवलं. गड्याने रिवाजाप्रमाणे वाटी पुढे केली. आईसाहेबांनी ती घेतली, दोन्ही हातांनी धरली, आणि ओट्यावरच्या समईत सगळी रिकामी केली.

"तेल दिव्यातच बरं," त्या म्हणाल्या.

गड्याला काही समजलं नाही. तो ताट घेऊन आत गेला. अंगणात आम्ही दोघंच होतो, आणि ती भिंतीकडची जागा. त्यांना कोणी सांगितलं, जमादारांनी, का माझ्या घरचीने, का एवढ्या वर्षांत त्या फरशीकडे बघून बघून त्यांनी आपल्या मनानेच जाणलं, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्या खाली बसल्या, चाकाच्या उघड्या डब्याजवळ, जितकं त्या वयात बसता येतं तितकं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "मी कुठी हात लावला नाही. पण तुमी एकखेप पाहून घ्या."

मी मलमलीचा तुकडा काढला. डबा आतून-बाहेरून पुसला, जसा पूर्वी पुसायचो तसा, सावकाश. कपडा उलगडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला आणि उजेडाकडे करून दोन्ही बाजूंनी पाहिला.

मी म्हटलं, "कोरडं आहे, आईसाहेब."

त्यांनी कपड्याची घडी केली. परत दिला नाही. पदरात घेतला आणि हळूहळू ओटा चढून घरात गेल्या.